उतार, आराम आणि गुण
(नाक चोंदण्यावरील घरगुती औषधांच्या संग्रहाची प्रस्तावना)

रत्नागिरीहून निघालेला रस्ता हातखंब्याला मुंबई–गोवा महामार्गास मिळतो, काही अंतर त्याच्या सोबतीने चालतो आणि पालीला आल्यावर त्याची साथ सोडून नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढून देशावर निघून जातो. या तिठ्याच्या आसपासच्या वाड्यांतून मृगाच्या पहिल्या सरीपासून हस्ताच्या अखेरच्या गडगडाटापर्यंत कोसळणारा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक हा सरकारी आकडा निराळा सांगण्याची जरुरी नाही. भिंतींना सुटलेली ओल, वलणीवर तीन-तीन दिवस न वाळणारे कपडे, ओल्या लाकडांचा माजघरात कोंडून राहिलेला धूर आणि पेटीतल्या ठेवणीच्या वस्त्रांवर उमटलेली बुरशी यांनी तो त्याला केव्हाच कळविलेला असतो. अशा दिवसांत घरोघरी कोणाचे ना कोणाचे नाक चोंदलेले, कपाळ जड झालेले आणि आवाज बदललेला असतो. माझ्या लहानपणी अशी वेळ आली म्हणजे आजी बांधावरून निर्गुडीचे डहाळे, विहिरीकडची गवती चहाची चार पाती आणि वृंदावनातील तुळशीची पाने खुडून आणी, पितळी तपेल्यात ती उकळत ठेवी, आणि घोंगडीखाली मला त्या तपेल्यावर वाकवून ‘तोंड मीट, नाकाने ओढ’ असे बजावीत माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राही. त्या काळोखात पाचसात मिनिटांनी नाकाची एक बाजू अकस्मात मोकळी होई, आणि त्या क्षणी जे सुख वाटे, त्याच्या तोडीचे सुख वैद्यकाच्या पुढील सर्व अभ्यासात माझ्या हातून दुसऱ्या कोणास देता आले की नाही, याची मला शंका आहे.

ही पुस्तिका त्या घोंगडीच्या ऋणातून जन्मास आली आहे. आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेऊन मी याच परिसरात व्यवसाय करू लागलो, तेव्हा दवाखान्यात येणारी माणसे माझ्या चिठ्ठीतले औषध घेण्यापूर्वी घरी काय काय करून आलेली असतात, हे विचारण्याचा शिरस्ता मी पहिल्यापासून ठेवला. प्रथम हा नुसता तपशील होता. पुढे पुढे तो वहीत उतरू लागला, आणि कपाळावरील सुंठेचा लेप, तव्यावर शेकून फडक्यात बांधलेली ओव्याची पुरचुंडी, निखाऱ्यावर टाकलेल्या हळकुंडाचा धूर, नाकात सोडलेले गाईचे तूप, वेखंडाची चिमूट, अडुळशाचा रस, आले-मिरी-गवती चहाचा काढा असा एक संसारच त्या वहीत गोळा झाला. त्यांतील प्रत्येक उपायामागे पुरावा कितपत आहे, याची रुजुवात करून तो लोकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

ही रुजुवात कोणत्या मापाने करावी, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत होता. आणि त्याचे उत्तर मला ग्रंथांत सापडण्याआधी माझ्या रोग्यांच्या बोलण्यात सापडले. आपल्याकडे दुखणे कमी झाले हे सांगण्याचे तीन प्रकार आहेत. ‘उतार पडला’ असे म्हणणारा माणूस दुखणे आपल्या गतीने ओसरले एवढेच सांगतो, आणि श्रेय कोणालाच देत नाही. ‘आराम वाटला’ म्हणणारा दुखण्याविषयी काहीच बोलत नाही, तर स्वतःला काय जाणवले ते बोलतो. ‘गुण आला’ म्हणणारा मात्र औषधाच्या बाजूने साक्ष देतो, कारण गुण हा पदार्थाच्या ठायी असतो, आणि तो रोग्याच्या ठायी आला असे त्याचे म्हणणे असते. रोगाचा स्वाभाविक क्रम, लक्षणांचे तात्पुरते शमन आणि औषधाची खरी कार्यक्षमता यांची फारकत करण्यासाठी पाश्चात्त्य वैद्यकाने नियंत्रित परीक्षणांची जी मोठी यंत्रणा उभारली, तिची तिन्ही कलमे आपल्या आयाबायांच्या तोंडी आधीपासून होती. उणीव एवढीच राहिली, की बोलताना ते तीन शब्द एकमेकांच्या जागी बसू लागले, आणि उताराचे व आरामाचे श्रेयही गुणाच्या खाती जमा होत गेले.

याचा दाखला म्हणून एक प्रसंग सांगतो. वाडीतल्या एका वृद्ध आजींचा काढा ‘हमखास’ म्हणून प्रसिद्ध होता, आणि त्यांच्या हाताला गुण आहे असे सगळे म्हणत. मी त्यांना कृती विचारली, मात्रा विचारली आणि शेवटी विचारले, “आजी, काढा देता कितव्या दिवशी?” त्या तत्काळ म्हणाल्या, “चौथ्या. तिसऱ्यापर्यंत नुसती पेज नि पांघरूण.” पडशाचा जोर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचून पुढे ओसरू लागतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या उत्तरातील अडचण कळेल: चौथ्या दिवशी दिलेल्या कोणत्याही पदार्थाला यश येणारच. परंतु त्याच उत्तरात मोठे शहाणपणही आहे, कारण पहिले तीन दिवस औषधाची घाई करू नये हा निर्णय त्या आजींनी ज्या निश्चयाने घेतला, तो आम्हां पदवीधरांपैकी कितीजण रोग्याच्या आग्रहापुढे घेऊ शकतात? सुश्रुताच्या उत्तरतंत्रात प्रतिश्यायाला, म्हणजे पडशाला, स्वतंत्र अध्याय आहे, आणि तेथेही नवा प्रतिश्याय व पक्व झालेला प्रतिश्याय यांचे उपचार वेगळे सांगितले आहेत. १९९४ साली अमेरिकेत साध्या पडशाने आजारी असलेल्या ३१ माणसांची संगणकीय क्ष-किरण चित्रे काढण्यात आली, तेव्हा त्यांच्यापैकी ८७ टक्क्यांच्या गालामागील पोकळ्यांत विकृती दिसली, आणि दोन आठवड्यांनी ज्यांची चित्रे पुन्हा काढली, त्यांच्यातील बहुतेकांच्या पोकळ्या प्रतिजैविकांवाचून निवळलेल्या किंवा निवळत आलेल्या होत्या. आजींची पेज आणि पांघरूण यांच्या बाजूने याहून सबळ साक्ष मला ठाऊक नाही.

आता ज्या अवयवाचा हा सगळा मामला आहे, त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. नाकाच्या भोवती कपाळात, गालांत, डोळ्यांच्या मधोमध आणि कवटीच्या तळाशी हवेच्या चार जोड पोकळ्या आहेत. लोक त्यांना आणि त्यांच्या दुखण्यालाही ‘सायनस’ म्हणतात. गालाच्या हाडातील पोकळी त्यांत सर्वांत मोठी, आणि तिची रचना पहिल्या दर्शनी अगदी विपरीत वाटते, कारण तिचे नाकात उघडणारे द्वार तळाशी नसून वरच्या अंगाला आहे. ज्या खोलीची मोरी आढ्याजवळ काढली आहे, तिच्यातले पाणी बाहेर जावे कसे? त्याची तजवीज निसर्गाने आपल्या आगरांतील रहाटासारखी केली आहे. पोकळीच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य केसर असतात. ते एका लयीने हलत राहतात आणि पातळ श्लेष्म्याचा थर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर वर ओढीत द्वारापाशी आणून टाकतात. रहाट चालू असेपर्यंत आगर कोरडे राहते. विषाणूने अस्तर सुजले, द्वार मिटले, श्लेष्मा दाट झाला, अथवा चुलीच्या, विडीच्या वा चैत्रातल्या भाजावळीच्या धुराने केसर मंदावले, की पाणी साचते, आणि वाकताना गाल व कपाळ ठणकू लागते. एखादा घरगुती उपाय गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच पुष्कळ अंशी असा मांडता येतो: तो द्वार उघडतो काय, पाणी पातळ करतो काय, की रहाटाला हात लावतो?

वाफाऱ्यापासून आरंभ करू, कारण माझा जीव त्यात गुंतलेला आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील पॉल लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या ८७१ रोग्यांवर केलेले परीक्षण २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात वाफाऱ्याने डोकेदुखी कमी झाली, परंतु बाकीच्या लक्षणांवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. उलट, मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना सहा महिन्यांपर्यंत माफक, पण निश्चित लाभ झाला. हा निकाल वाचताना मला वाईट वाटले, हे कबूल करतो. पण आजीची घोंगडी यामुळे खोटी ठरत नाही. तिचे स्थान आरामाच्या रकान्यात आहे, आणि रात्री झोप न लागणाऱ्या मुलाला आराम ही क्षुल्लक वस्तू नव्हे. वाफेत टाकलेल्या पाल्याचे काय, हा पुढचा प्रश्न. निर्गुडीच्या पानांतील उडनशील तेलात सिनिओल नावाचे द्रव्य आढळते, आणि निलगिरीच्या तेलात तर ते मुख्यच असते. जर्मनीत १५२ रोग्यांवर झालेल्या आणि २००४ साली प्रकाशित झालेल्या परीक्षणात पोटात घेतलेल्या शुद्ध सिनिओलने तीव्र, परंतु पू न झालेल्या सायनसदाहात खोट्या औषधाहून स्पष्ट अधिक सुधारणा झाली. मात्र मोजून दिलेले शुद्ध द्रव्य आणि तपेल्यातून अदमासाने नाकात गेलेली वाफ यांत अंतर आहे, आणि ते अंतर कोणी अद्याप मोजलेले मला आढळले नाही. येथे जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवतो, की ज्या निलगिरी तेलाला आपण आजीबाईच्या बटव्यातले समजतो, तो वृक्ष ऑस्ट्रेलियाचा असून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निलगिरी पर्वतावर लावला गेला. म्हणजे आपल्या पणज्यांनी नवे औषध पाहिले, पारखले आणि बटव्यात घातले. परंपरा ही त्यांच्या हातात वाहती होती.

पुदिन्याच्या अर्काची, म्हणजे मेंथॉलची, कथा आरामाचे स्वरूप सर्वांत चांगले उलगडते. वेल्समधील कार्डिफ येथे रोनाल्ड एकल्स यांनी नाकातील हवेचा रोध यंत्राने मोजला, तेव्हा मेंथॉल हुंगल्यावर रोध तसाच राहिला, तरी माणसे मात्र नाक मोकळे झाल्याचे सांगत होती. थंडीची जाणीव पोहोचविणारे मज्जातंतूंवरील जे ग्राहक आहेत, त्यांना मेंथॉल चेतविते, आणि थंड हवेचा मोठा झोत आत येत आहे असा मेंदूचा समज होतो. एकल्स यांनीच २००८ साली ३० पडसेकऱ्यांना फळांचे गरम पेय देऊन पाहिले, आणि तेथेही असेच दिसले: नळी तेवढीच, पण शिंका, खोकला, घशाची खवखव यांत तत्काळ आराम. याच्या जोडीला अमेरिकेतील १९७८ चा एक प्रयोग ठेवला पाहिजे. त्यात गरम पाण्याने आणि कोंबडीच्या गरम रश्श्याने नाकातील श्लेष्म्याची गती थोडा वेळ वाढल्याचे, आणि थंड पाण्याने ती मंदावल्याचे आढळले. लसूण-मिरची घातलेली, आमसुलाने आंबटावलेली कुळथाची पिठी मऊ भातावर ओतून पडशाच्या माणसापुढे ठेवणाऱ्या आपल्या घरांनी हा प्रयोग केलेला नव्हता. पण वाफ येत असतानाच ती खाल्ली पाहिजे हा त्यांचा आग्रह निराधार म्हणता येत नाही.

अडुळशापाशी मात्र मला थांबावेसे वाटते, कारण येथे आपल्या कुंपणापासून जगाच्या औषधालयापर्यंतची वाट अखंड दिसते. गुरे याला तोंड लावीत नाहीत, म्हणून पालीकडचा शेतकरी तो बांधावर निर्धास्तपणे लावतो. पाने केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजावी, पिळून रस काढावा आणि मधातून द्यावा, ही घरगुती रीत वैद्यांच्या पुटपाकाचीच धाकटी बहीण आहे. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘औषधीसंग्रहा’सारखे मराठी ग्रंथ ज्यांच्या घरी होते, त्यांना ही वनस्पती ग्रंथांतूनही परिचित होती. १८८८ साली डेव्हिड हूपर यांनी तिच्या पानांतून वासिसीन हे अल्कलॉइड वेगळे काढले. विल्यम डायमॉक यांच्यासह ब्रिटिश हिंदुस्थानातील वनौषधींची मोठी इंग्रजी संहिता रचणाऱ्यांपैकी ते एक. पुढे या रेणूच्या घडणीवरून प्रयोगशाळेत ब्रोमहेक्सीन तयार झाले आणि १९६३ मध्ये ते वापरात आले. शरीरात त्याचे जे रूपांतर होते, ते अँब्रोक्सॉल या नावाने स्वतंत्र औषध झाले. दाट श्लेष्मा पातळ करणे हे दोहोंचे काम. आज पालीच्या बाजारपेठेत कफाच्या औषधाची बाटली घेऊन आपल्या अडुळशाच्या कुंपणापाशी मोटारसायकल लावणारा तरुण एकाच कुळातील दोन भावंडांमधून चालत घरात शिरतो, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. परंतु या वंशावळीवरून पानाचा रसही गोळीइतकाच काम करतो असा फैसला करणे हे कायद्याला धरून होणार नाही. पानातील वासिसीनचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते, आणि गर्भाशयाचे आकुंचन करण्याचा त्याचा स्वभाव असल्यामुळे गर्भवतीने या रसापासून दूरच राहावे.

गुणाची रुजुवात कशी करावी, याचा धडा मुंबईने जगाला एकदा दिलेला आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम ५० रोग्यांवर तपासून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, आणि वैदूच्या झोळीतली मुळी जगभरच्या रुग्णालयांत गेली. सायनससाठी आपल्या कोणत्याही पाल्याच्या वाट्याला तसे भाग्य अजून आलेले नाही. जर्मनांनी मात्र आपल्या पाच वनस्पतींचे मिश्रण ३८६ रोग्यांवर तपासून २०१२ साली त्याचा अनुकूल निकाल प्रसिद्ध केला. हळदीतील कुर्क्युमिनने बारमाही ॲलर्जीच्या २४१ रोग्यांत नाकातील हवेचा रोध कमी झाल्याचे २०१६ साली चीनमधून कळविले गेले आहे, पण ते पोटात घेतलेल्या औषधाविषयी आहे. जळत्या हळकुंडाचा धूर हा शेवटी धूरच, आणि मंदावलेल्या केसरांना तो आणखी मंद करील, अशी मला भीती वाटते.

मिठाच्या पाण्याचा उल्लेख वर आलाच आहे. हठयोगातील नेती आणि आधुनिकांचे नासाप्रक्षालन यांचा धागा एकच; लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांना प्रयोगशाळेत नेले, तेव्हा या विषयाचे दार महाराष्ट्रातच उघडले गेले होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ७६ लोकांच्या परीक्षणात सहा महिने दोन टक्के मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या गटाची लक्षणे आणि प्रतिजैविकांचा वापर दोन्ही घटली, हे २००२ साली दाखविले गेले. अर्धा लिटर पाणी आणि सपाट चमचाभर मीठ एवढ्या साहित्याला ‘गुण’ हा शब्द मी संकोचाशिवाय लावतो. अट एकच, आणि ती टाळण्याजोगी नाही: पाणी उकळून निवविलेले असावे. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा मेंदूत शिरणाऱ्या अमीबाने मृत्यू झाला; विहिरीच्या आणि पऱ्याच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्या वाड्यांनी ही गोष्ट विसरू नये. चरकाने अणुतैलाचे नस्य सांगताना आकाश निरभ्र असण्याची अट घातली आहे, आणि डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० साली मुंबईत छापून प्रसिद्ध केलेल्या ‘अष्टांगहृदया’त नस्याच्या विधीला एक सबंध अध्याय आहे; अटींवाचून उपाय सांगण्याची रीत आपल्या शास्त्रकारांची नव्हती.

अटींचा विषय निघाला म्हणून जे बोलताना मला कठोर व्हावे लागते, ते येथेच बोलून टाकतो. वाफाऱ्याचे तपेले कलंडून मांडी भाजलेले मूल मी माझ्या हातांनी धुतले आहे, आणि ते आठवल्यावर जमिनीवर तपेले ठेवून त्यावर लेकरू वाकविण्याचा सल्ला मी कोणास देऊ शकत नाही. आजीने पाठीवर ठेवलेला तो हात प्रेमाचा होता, तसा तो पहाऱ्याचाही होता, हे मला फार उशिरा कळले. कापूर तान्ह्या मुलाच्या नाकाशी वा छातीला चोळू नये आणि पोटात तर मुळीच जाऊ देऊ नये, कारण थोड्या मात्रेनेही झटके येतात. वेखंडातील बीटा-असारोनने उंदरांत अर्बुदे होतात असे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत ते बंद केले. वहिवाट जुनी आहे एवढ्यावरून बाळाला ते चाटविणे चालू ठेवण्यास मला आधार दिसत नाही. दहा दिवस उलटूनही त्रास न हटणे, बरे वाटू लागून पुन्हा ताप भरणे, डोळ्याभोवती सूज येणे, एकाचे दोन दिसणे, मान ताठणे, ही लक्षणे दिसल्यावर काढ्याची वाट पाहण्यात घालविलेला प्रत्येक तास जोखमीचा आहे. आणि ज्याला आपण वर्षानुवर्षे ‘माझा सायनस’ म्हणून सांभाळीत आलो, तो सायनस नसण्याचाही संभव मोठा आहे. स्वतःला किंवा वैद्याला सायनसची डोकेदुखी वाटलेल्या २,९९१ अमेरिकन रोग्यांना तपासले असता ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीच्या जातीची निघाली. सुंठेचा लेप ज्यांना ‘लागू पडतो’ आणि तरीही दर महिन्याला लावावा लागतो, त्यांच्यापैकी अनेकांची कैफियत या एका आकड्यात असावी.

पुस्तिकेत प्रत्येक उपायापुढे कृती, मात्रा आणि अटी दिल्यानंतर उतार, आराम आणि गुण असे तीन रकाने आखले आहेत. पहिला रकाना सर्वत्र भरलेला आढळेल, कारण तो रोग्याच्या देहाचा आहे; दुसरा पुष्कळ ठिकाणी भरलेला आहे आणि तो लिहिताना मला आनंद झाला. तिसऱ्यात मिठाच्या पाण्यापुढे स्पष्ट होकार आहे, अडुळशापुढे एक सावध वाक्य आहे, आणि निर्गुडीपुढे जागा कोरी आहे. ती भरण्यास लागणारा पाला पालीच्या बांधाबांधांवर उगवतो, लागणारे रोगी दर आषाढात दारी येतात. कोणा तरुण वैद्याने किंवा डॉक्टरने चार पावसाळे वही घेऊन बसावे, आणि काढा कितव्या दिवशी दिला, हे आधी लिहून ठेवावे.